साक्षीदाराला कोर्टात बोलवायचे आहे? सपीनाचा फॉर्म भरण्यापासून बजावण्यापर्यंत

सनीवेल, फ्रीमाँट, सॅन होजे या पट्ट्यातल्या मराठी वाचकांकडून एक अडचण वारंवार कानावर येते. घर सोडताना मालकाने डिपॉझिट अडकवले, स्मॉल क्लेम्स कोर्टात दावा लावला, तारीखही मिळाली. पण ज्याच्याकडे खरे कागद आहेत तो माणूस यायला तयार नाही. मग इंटरनेटवर ‘सपीना’चा फॉर्म सापडतो. एखाद्या संकेतस्थळावर तो भरला जातो, तिथेच बोटाने सही होते आणि ईमेलने त्या माणसाला पाठवला जातो. तारखेला तो फिरकत नाही. न्यायाधीशांपुढे तक्रार केल्यावर कळते की कायद्याच्या नजरेत त्याला कोणी बोलावलेलेच नव्हते.

साक्षीदाराने हजर राहावे किंवा ठरावीक कागद आणावेत असा न्यायालयाचा हुकूम म्हणजे सपीना. ऑनलाइन साधनांमुळे फॉर्म नीटनेटका भरला जातो, पण तेवढ्याने तो हुकूम होत नाही. त्यावर न्यायालयाचा शिक्का लागतो आणि त्याची प्रत साक्षीदाराच्या हातात पडावी लागते. महाराष्ट्रात दिवाणी दावा चालवलेल्या मंडळींची इथे हमखास गफलत होते. तिकडे साक्षीदाराचा भत्ता कोर्टात भरला की समन्स सहसा बेलिफाच्या हातून जाते. कॅलिफोर्नियात माणूस शोधणे, पैसे देणे, बजावणी करवणे आणि तिचा दाखला दाखल करणे ही सगळी कामे पक्षकाराची.

पुढचे मार्गदर्शन कॅलिफोर्नियातल्या राज्य न्यायालयांपुरते आहे, आणि मुख्यतः वकिलाशिवाय दावा लढवणाऱ्यांसाठी. इतर राज्यांत फॉर्मची नावे, मुदती आणि रकमा वेगळ्या असतात.

आधी ठरवा: सपीना हवाच का?

समजा, तुम्ही फ्रीमाँटमधली सदनिका सोडली. मालकाने २१ दिवसांच्या आत हिशेब पाठवला आणि त्यात गालिचा बदलल्याचे २,४०० डॉलर कापले. तुमच्या शेजाऱ्याने पाहिले होते की कामगार आले, एकाच खोलीतला गालिचा बदलून दोन तासांत गेले. म्हणजे तुमच्याकडे पुरावा दोन ठिकाणी आहे: शेजाऱ्याच्या तोंडी आणि गालिचा कंपनीच्या बिलात.

शेजारी मनापासून यायला तयार असेल तर त्याला सपीनाची गरज नाही. मात्र त्याला नोकरीवरून सुटी घ्यावी लागणार असेल तर सपीना त्याच्याच सोयीचा ठरतो, कारण साहेबाला दाखवायला कोर्टाचा कागद मिळतो. हे त्याला आधी समजावून सांगा, नाहीतर चांगला शेजारी दुखावला जाईल. गालिचा कंपनीलाही आधी साधे पत्र लिहून बिलाची प्रत मागून पाहा. छोटे व्यावसायिक अनेकदा देऊन टाकतात. नाही म्हणाले किंवा उत्तरच आले नाही, की सपीनाकडे वळा.

एक गोष्ट मात्र टाळा. ज्या साक्षीदाराला तुमच्या बाजूने बोलायचे नाही, त्याला केवळ जबरदस्तीने कोर्टात उभे करू नका. तो येईल आणि तुमच्याविरुद्ध बोलेल. कागद बोलतात तिथे माणसाला न बोलावलेले बरे.

कोणता फॉर्म तुमचा?

कॅलिफोर्नियात न्यायालयीन फॉर्म ज्युडिशियल काउन्सिल तयार करते आणि ते राज्यभर एकच असतात. प्रत्येक फॉर्मला क्रमांक असतो. शोधताना तो इंग्रजी अक्षरांत टाका.

- एससी-१०७: स्मॉल क्लेम्स दाव्यासाठी. माणूस आणि कागद, दोन्हींसाठी हाच. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये लावता येतो, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांना हाच फॉर्म लागतो.
- एसयूबीपी-००१: नेहमीच्या दिवाणी दाव्यात साक्षीदाराने फक्त हजर राहावे म्हणून.
- एसयूबीपी-००२: त्याच दाव्यात साक्षीदाराने हजर राहून कागदही आणावेत, किंवा नुसते कागद पाठवावेत म्हणून.
- एसयूबीपी-०१०: सुनावणीच्या आधीच, तपासाच्या टप्प्यावर एखाद्या व्यवसायाकडून नोंदी मागवण्यासाठी.
- एसयूबीपी-०२५: हा सपीना नाही. ज्या व्यक्तीच्या खासगी नोंदी मागवल्या जात आहेत तिला द्यायची ही सूचना. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

तुमचा खटला फेडरल न्यायालयात असेल तर यांपैकी काहीच चालणार नाही. तिथे ‘एओ ८८’ या मालिकेतले फॉर्म लागतात, नियम ४५ लागू होतो, आणि बजावणारी व्यक्ती १८ वर्षांवरील असून खटल्यात पक्षकार नसावी लागते. फॉर्म दिसायला सारखे असल्याने गोंधळ होतो. तुमच्या दाव्याच्या पहिल्या पानावर ‘सुपीरियर कोर्ट ऑफ कॅलिफोर्निया’ असे छापलेले असेल तर तुम्ही राज्य न्यायालयात आहात.

फॉर्म कुठून घ्यायचा, कशात भरायचा

हे सगळे फॉर्म कॅलिफोर्निया न्यायालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि संगणकावर भरता येतात. तरीही शोधयंत्रात वरती येतात ती दुसरीच संकेतस्थळे. ‘सात दिवस मोफत’ म्हणत कार्डाचा क्रमांक घेणारी, आणि मग दरमहा पैसे कापणारी. फॉर्म भरण्यासाठी एकही डॉलर मोजण्याचे कारण नाही. पैसे वाचवून ठेवा, ते साक्षीदाराच्या भत्त्याला लागतील.

अशा संकेतस्थळांचा पैशापेक्षा मोठा धोका म्हणजे जुना फॉर्म. प्रत्येक अधिकृत फॉर्मच्या पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात, तळाशी, बारीक अक्षरांत तो कधी सुधारला त्याची तारीख छापलेली असते. ती तारीख अधिकृत संकेतस्थळावरच्या प्रतीशी जुळवून पाहा. जुळली नाही तर ती प्रत बाजूला ठेवा.

भरताना या गोष्टी सांभाळा:

- फॉर्म ब्राउझरच्या खिडकीत भरू नका. आधी संगणकावर उतरवून घ्या आणि अॅक्रोबॅट रीडरसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ब्राउझरमध्ये भरलेली माहिती कधीकधी जतनच होत नाही, आणि छापल्यावर रिकामे रकाने हातात येतात.
- ब्राउझरचे आपोआप भाषांतर बंद ठेवा. वाचायला मराठी सोयीची वाटली तरी फॉर्म इंग्रजीतच भरायचा असतो.
- दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, न्यायालयाचा पत्ता हे सगळे तुमच्या दाव्याच्या कागदावरून अक्षरशः उतरवा. फ्रीमाँट अलमिडा काउंटीत येते, सनीवेल आणि सॅन होजे सांता क्लारा काउंटीत. एकाच काउंटीत न्यायालयाच्या अनेक इमारती असतात, म्हणून सुनावणीचा मजला आणि खोलीही तपासा. पत्ता चुकला तर साक्षीदार भलत्याच दारात उभा राहील.
- सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा बँक खात्याचा पूर्ण क्रमांक लिहू नका, गरज असेल तर शेवटचे चार अंकच द्या. दाव्याची फाइल सहसा कोणालाही पाहता येते.
- सार्वजनिक ग्रंथालयातल्या संगणकावर भरत असाल तर छापून झाल्यावर फॉर्मच्या शेवटी असलेले ‘क्लिअर धिस फॉर्म’ हे बटण दाबायला विसरू नका.

प्रश्न विचारला की उत्तर देणारी नवी साधनेही लोक आता वापरतात. मसुदा लिहायला ती मदत करतील, पण त्यांनी सांगितलेला फॉर्म क्रमांक, कलम किंवा मुदत अधिकृत फॉर्मवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वापरू नका.

दुसरे पान: इथे घाई नको

एससी-१०७चे पहिले पान हुकुमाचे, दुसरे प्रतिज्ञापत्राचे, तिसरे बजावणीच्या दाखल्याचे. फक्त माणूस बोलवायचा असेल तर दुसरे पान लागत नाही. कागद मागवायचे असतील तर मात्र सगळी मदार त्याच पानावर असते, आणि नेमके तेच पान लोक दोन ओळींत उरकतात.

तिथे तुम्हाला तीन गोष्टी शपथेवर सांगायच्या असतात: नेमके कोणते कागद हवेत, ते समोरच्याच्या ताब्यात आहेत असे तुम्ही कशावरून म्हणता, आणि ते तुमच्या दाव्याला का आवश्यक आहेत. खोटे लिहिले तर खोट्या शपथेचा गुन्हा होतो, याची जाणीव ठेवून लिहा.

आपल्या गालिच्याच्या उदाहरणात बहुतेक जण लिहितात: ‘या घराशी संबंधित सर्व कागदपत्रे’. हे वाचून कंपनीला काय शोधावे ते कळत नाही, आणि हरकत घ्यायला आयते निमित्त मिळते. त्याऐवजी असे लिहा, अर्थात इंग्रजीत: अमुक पत्त्यावरील अमुक क्रमांकाच्या सदनिकेत १ जून ते ३१ जुलै या काळात केलेल्या गालिच्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमापाची नोंद, बिल आणि पैसे मिळाल्याची पावती. कारणाच्या रकान्यात: प्रतिवादीने संपूर्ण घराचा गालिचा बदलल्याचे सांगून २,४०० डॉलर कापले, वादीच्या माहितीनुसार काम एकाच खोलीत झाले, कामाचे क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम या कागदांतून स्पष्ट होईल.

पत्ता, तारखांची चौकट, कागदाचा प्रकार. या तीन गोष्टी आल्या की समोरच्या कार्यालयातला माणूस थेट कपाट उघडून फाइल काढू शकतो. मोजमापाची नोंद मागायला विसरू नका. बिलावर नुसती रक्कम असू शकते, किती चौरस फूट गालिचा घातला ते मोजमापाच्या कागदावरच कळते.

आता पहिल्या पानावरची निवड. साक्षीदाराने स्वतः यायचे, की नोंदी सांभाळणाऱ्याच्या लेखी निवेदनासह कागद पाठवले तरी चालेल, की स्वतः येऊन कागदही आणायचे, यांपैकी एका चौकोनावर खूण करायची असते. व्यवसायाच्या नोंदी असतील तर दुसरा पर्याय बहुधा पुरतो आणि समोरच्यालाही सोयीचा असतो. तो निवडला तर कागद तुमच्याकडे येत नाहीत. कंपनी ते एका लिफाफ्यात बंद करते, त्यावर दाव्याचे नाव, क्रमांक आणि तारीख घालते, तो लिफाफा दुसऱ्या लिफाफ्यात घालून कोर्टाच्या क्लार्ककडे पाठवते. आतला लिफाफा सुनावणीच्या वेळीच उघडतो. तोपर्यंत त्यात काय आहे हे तुम्हालाही दिसत नाही. म्हणून त्या कागदांत काय निघू शकते आणि निघाले तर न्यायाधीशांना काय दाखवायचे, हे आधी टिपून ठेवा.

कंपनीतल्या कोणाचे नाव माहीत नसेल तर साक्षीदाराच्या जागी ‘कस्टोडियन ऑफ रेकॉर्ड्स’ आणि पुढे कंपनीचे पूर्ण, नोंदणीकृत नाव लिहा. हे नाव आणि कंपनीच्या वतीने न्यायालयीन कागद स्वीकारणाऱ्या एजंटचा पत्ता राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाच्या ‘बिझफाइल’ या सेवेवर विनामूल्य सापडतो.

शिक्क्याशिवाय काही नाही

वकील आपल्या दाव्यात स्वतः सपीना जारी करू शकतो. तुम्ही स्वतः दावा लढवत असाल तर तो क्लार्ककडूनच जारी करून घ्यावा लागतो. मूळ प्रत, प्रत्येक साक्षीदारासाठी एक आणि स्वतःसाठी एक, एवढ्या प्रती घेऊन क्लार्कच्या खिडकीवर जा. काही काउंटींत हे काम टपालाने किंवा ऑनलाइन दाखल करूनही होते. तुमच्या न्यायालयाची पद्धत त्याच्याच संकेतस्थळावर पाहा.

शिक्का पडल्यावर कागदावर खाडाखोड करू नका. तारीख बदलली, आणखी एखादा कागद आठवला, तर नवा सपीना जारी करून घ्या. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ऑनलाइन ‘फाइल’ केले म्हणजे साक्षीदाराला ‘बजावले’ असे होत नाही. पहिले न्यायालयाकडे जाते, दुसरे साक्षीदाराच्या हातात.

बजावणी कोणी, कशी, कधी

सपीनाची प्रत साक्षीदाराला प्रत्यक्ष हातात द्यावी लागते. ईमेल, व्हॉट्सअॅप, दाराला चिकटवणे, टपालपेटीत टाकणे, यांतले काहीही पुरेसे नाही. कंपनी असेल तर तिचा अधिकारी, नोंदी सांभाळणारा किंवा असे कागद स्वीकारण्याचा अधिकार दिलेला कर्मचारी अथवा एजंट यांच्या हातात द्या. बँकेच्या शाखेत खिडकीवर बसलेल्या माणसाकडे कागद सरकवून परतू नका.

हे काम तुमच्या वतीने दुसऱ्या सज्ञान व्यक्तीने करावे असा माझा आग्रह आहे: मित्र, सहकारी, पैसे घेऊन हे काम करणारा नोंदणीकृत प्रोसेस सर्व्हर, किंवा काउंटीचा शेरीफ. पुढे साक्षीदाराने ‘मला मिळालाच नाही’ म्हटले तर तुमच्या शब्दापेक्षा तिऱ्हाइताचा शब्द वजनदार ठरतो. आणि ज्यांच्याशी आधीच बिनसले आहे, त्यांच्या दारात तुम्ही स्वतः जाऊन वाद वाढू नये, हेही आहेच.

बजावणाऱ्या व्यक्तीने तारीख, वेळ, पत्ता जागच्या जागी टिपावा, तिसऱ्या पानावरचा दाखला भरून सही करावी. ते पान सुनावणीच्या आधी कोर्टात दाखल करा आणि एक प्रत तारखेला सोबत न्या.

साक्षीदाराला तयारीला आणि प्रवासाला वाजवी वेळ मिळेल इतके आधी बजावणे कायद्याला अपेक्षित आहे. आदल्या दिवशी दिलेला सपीना सहज उडवला जातो. स्मॉल क्लेम्सची तारीख साधारणपणे दावा दाखल झाल्यापासून २० ते ७० दिवसांत लागते. तारीख हातात पडली त्याच आठवड्यात सपीनाच्या तयारीला लागा.

साक्षीदाराचे पैसे

हजर राहण्याबद्दल साक्षीदाराला दिवसाला ३५ डॉलर आणि जाण्यायेण्याच्या प्रत्येक मैलामागे २० सेंट मिळतात. कंपनीचा माणूस १५ मैलांवरून येणार असेल तर ३५ अधिक ६, म्हणजे ४१ डॉलर. हे पैसे त्याने बजावणीच्या वेळी मागितले तर तिथेच द्यावे लागतात. म्हणून बजावणाऱ्याकडे चेक लिहूनच द्या. एकेचाळीस डॉलरपायी हुकूम निष्फळ होऊ देऊ नका.

पोलीस अधिकाऱ्याला त्याच्या कामाच्या संदर्भात बोलवायचे असेल, उदाहरणार्थ अपघाताच्या दाव्यात, तर दिवसाला २७५ डॉलर आगाऊ जमा करावे लागतात आणि सपीना त्याच्या खात्यामार्फत जातो. नुसते कागद मागवले तर प्रती काढण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो: साध्या पानाला १० सेंट, आणि शोधण्याच्या कामाचे तासाला २४ डॉलरपर्यंत. दावा जिंकलात तर साक्षीदाराचा भत्ता आणि बजावणीचा खर्च प्रतिवादीकडून मागता येतो, तेव्हा पावत्या जपा.

बँक, डॉक्टर, नोकरी: दुसऱ्याच्या खासगी नोंदी

गालिचा कंपनीचे बिल मागवणे सोपे. पण घरमालकाने खरोखर किती पैसे दिले हे पाहण्यासाठी त्याचे बँकेचे खाते मागवायचे ठरवले, तर नियम बदलतात. बँक, दवाखाना, डॉक्टर, विमा कंपनी, हिशेबनीस, टेलिफोन कंपनी यांच्याकडच्या एखाद्या व्यक्तीच्या नोंदी मागवताना त्या व्यक्तीला आधी कळवणे सक्तीचे आहे. एसयूबीपी-०२५ त्यासाठीच. कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींनाही असेच संरक्षण आहे.

दोन मुदती एकाच वेळी पाळायच्या असतात: कागद हजर करण्याच्या तारखेच्या किमान १० दिवस आधी, आणि बँकेला सपीना बजावण्याच्या किमान ५ दिवस आधी ही सूचना त्या व्यक्तीला मिळायला हवी. सुनावणी २० नोव्हेंबरला आहे आणि बँकेला तयारीला वेळ मिळावा म्हणून तुम्ही १ नोव्हेंबरला सपीना बजावणार आहात असे धरा. मग घरमालकाच्या हातात सूचना २७ ऑक्टोबरच्या आत पडली पाहिजे. टपालाने पाठवणार असाल तर कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात आणखी ५ दिवस धरा, म्हणजे २२ ऑक्टोबर. सूचना दिल्याचा पुरावा सोबत नसेल तर बँक कागद देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

स्मॉल क्लेम्सच्या छोट्या मुदतीत हे गणित अवघड जाते. बिलाची प्रत पुरत असेल तर बँकेच्या नादी लागू नका. लागणारच असेल तर सुनावणी पुढे ढकलण्याचा अर्ज, एससी-१५०, वेळेत द्या.

जिथे हा सपीना पोहोचत नाही

व्हॉट्सअॅप, ईमेल किंवा फेसबुकवरच्या संभाषणाचा मजकूर दिवाणी सपीना बजावून त्या कंपन्यांकडून मिळत नाही, फेडरल कायदा त्यांना तो द्यायला मनाई करतो. तुमच्या फोनमधले संदेश तारीख, वेळ आणि क्रमांक दिसेल अशा रीतीने छापून घ्या.

साक्षीदार कॅलिफोर्नियाचा रहिवासी नसेल तर या सपीनाने तो यायला बांधील होत नाही. टेक्ससला गेलेला जुना रूममेट असो वा पुण्याला परतलेली मैत्रीण, दोघांच्या बाबतीत तेच. भारतातला पुरावा सक्तीने मिळवण्याचा मार्ग हेग पुरावा करारातून जातो. तो लांबलचक आहे आणि काही हजार डॉलरच्या दाव्यात परवडणारा नाही. स्मॉल क्लेम्समध्ये पुराव्याचे नियम सैल असतात. तिथे न्यायाधीश सही केलेले लेखी निवेदन विचारात घेऊ शकतात, म्हणून मैत्रिणीकडून तारीखवार, स्वतः पाहिलेल्या गोष्टींपुरते निवेदन मागवून घ्या.

तुमच्याच दारात सपीना आला तर

घाबरून दार लावून घेणारे अनेक आहेत, विशेषतः व्हिसावर असलेले. साक्षीदार म्हणून सपीना येणे म्हणजे तुमच्यावर खटला होणे नव्हे. तुमच्याकडे माहिती आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण तो दुर्लक्षून चालणार नाही. हुकूम मोडणे हा न्यायालयाचा अवमान होऊ शकतो, शिवाय पक्षकाराला ५०० डॉलर आणि झालेले नुकसान भरून द्यावे लागू शकते.

- खरा आहे का पाहा. शिक्का, दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव तपासा आणि क्लार्कला फोन करा. फोन नंबर न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्या, त्या कागदावरून नव्हे. भारतात ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने जशी लूट चालते तशी इथे खोट्या सपीनाची भीती घालून होते. कोणीही फोनवर पैसे किंवा गिफ्ट कार्ड मागितले तर ती फसवणूकच समजा.
- भत्ता मागा. दिवसाचा भत्ता आणि मैलांचे पैसे बजावणाऱ्याकडे तिथल्या तिथे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.
- वेळ जमत नसेल तर बोला. सपीनावर संपर्कासाठी नाव आणि फोन असतो. ज्याने बोलावले त्याच्याशी वेगळी वेळ किंवा ‘फोन केल्यावर येतो’ असे ठरवता येते. ठरले ते लेखी घ्या. तोंडी समजुतीवर घरी बसू नका.
- नोकरीवर लगेच सांगा. आधी कल्पना देऊन सपीनानुसार साक्षीला गेल्याबद्दल मालक तुम्हाला काढू शकत नाही. त्या दिवसाचा पगार मिळेलच असे मात्र नाही.
- हरकत घेता येते. मागणी फार पसरट आहे, वेळ अपुरा आहे, खासगी माहितीवर घाला आहे, अशा कारणांवरून सपीना रद्द किंवा मर्यादित करण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. तारीख उलटण्याआधी करा.
- कागद नष्ट करू नका. सपीना आल्यावर ईमेल पुसणे, बिले फाडणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.
- उत्तर दिल्याने स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप येईल अशी शंका असेल, किंवा डॉक्टर, वकील, पती-पत्नी यांच्यातले बोलणे विचारले जात असेल, तर तारखेआधी वकिलाचा सल्ला घ्या.

एसयूबीपी-०२५ची सूचना तुमच्या नावे आली असेल तर कोणीतरी तुमच्या नोंदी मागवतो आहे. हरकत कशी आणि कधीपर्यंत घ्यायची हे त्याच सूचनेत छापलेले असते. तो कागद ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून बाजूला टाकलात तर नोंदी निघून जातील.

तारखेच्या दिवशी

बजावणीच्या दाखल्याची प्रत, सपीनाची मूळ प्रत, भत्त्याच्या चेकची नोंद आणि तुमचा पुरावा असे चार वेगळे गठ्ठे करून न्या. तुमचा दावा पुकारताच न्यायाधीशांना सांगा की अमुक साक्षीदाराला सपीना बजावला आहे आणि कागद क्लार्ककडे आलेले असावेत. तुम्ही बोलला नाहीत तर तो लिफाफा फाइलमध्ये तसाच राहून जाऊ शकतो.

इंग्रजीत बोलायची अडचण असेल, आई-वडील साक्षीला येणार असतील, तर आयएनटी-३०० हा अर्ज देऊन दुभाषा आधीच मागा. मराठी दुभाषा शोधायला न्यायालयाला वेळ लागतो. हा अर्ज तारीख कळताक्षणी टाका. मुलाने किंवा सुनेने तिथे भाषांतर करण्यावर विसंबू नका.

साक्षीदार आला नाही तर दाखला पुढे करा आणि दोन गोष्टी स्पष्ट मागा: त्याच्या साक्षीशिवाय किंवा कागदांशिवाय निर्णय देऊ नये, आणि सुनावणी पुढची तारीख देऊन ढकलावी. न्यायाधीश तसे करतीलच असे नाही. पण हातात नीट भरलेला दाखला असेल तर विनंतीला आधार राहतो, आणि साक्षीदारावर कारवाईचा विचारही तेव्हाच होऊ शकतो.

स्मॉल क्लेम्समध्ये वकील तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही, मात्र सल्ला देऊ शकतो. त्याच्याही आधी तुमच्या काउंटीच्या स्मॉल क्लेम्स सल्लागाराला फोन करा. ही सेवा प्रत्येक काउंटीत विनामूल्य असते. भरलेला एससी-१०७ समोर ठेवून विचारायचे पहिले तीन प्रश्न असे: दुसऱ्या पानावरचे कागदांचे वर्णन पुरेसे नेमके आहे का, मला एसयूबीपी-०२५ लागेल का, आणि या न्यायालयात शिक्का खिडकीवर मिळतो की ऑनलाइन. भत्त्याच्या आणि शुल्काच्या चालू रकमाही त्याच फोनवर विचारून घ्या.